करदात्याचा हिशेबनीस : गोपाळ कृष्ण गोखले

मराठी राज्यकारभाराच्या परिभाषेत फडणीस हा शब्द जुना आहे. दरबारचा जमाखर्च आणि दफ्तर ज्याच्या हाती, तो फडणीस. पेशवाईच्या उत्तरार्धात या पदाला आलेले महत्त्व इतिहासाच्या वाचकांना परिचित आहे. परंतु फडणीसाने मांडलेला हिशेब धन्यासाठी असे. ज्या रयतेकडून वसूल गोळा झाला, तिला तो वाचून दाखवावा अशी कल्पनाच त्या व्यवस्थेत नव्हती. कंपनी सरकार गेले, राणीचे राज्य आले, छापील अंदाजपत्रके निघू लागली, तरी या एका बाबतीत फारसा फरक पडला नाही. हिशेब चोख असणे ही एक गोष्ट आणि तो योग्य माणसाला दिला जाणे ही दुसरी, हा भेद ज्यांनी हिंदी राजकारणात आयुष्यभर लावून धरला, त्यांत गोपाळ कृष्ण गोखले यांचे स्थान अग्रभागी आहे. त्यांच्या चरित्राकडे नेमस्त पुढारी, गांधीजींचे राजकीय गुरू किंवा शिक्षणप्रसाराचे पुरस्कर्ते अशा अनेक नात्यांनी पाहिले गेले आहे. त्या सर्वांना जोडणारा धागा मात्र हिशेबाचा आहे.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने सरकारी तिजोरी व लेखापरीक्षण यांविषयीचा प्रसिद्ध कायदा संमत केला. खर्चाची तपासणी मंत्रिमंडळाच्या हाताखाली नसलेल्या अधिकाऱ्याने करावी आणि तिचा अहवाल लोकप्रतिनिधींच्या सभागृहापुढे ठेवावा, हे तत्त्व त्या कायद्याने तेथे स्थिर केले. हा केवळ योगायोग होय. पण तेच तत्त्व हिंदुस्थानच्या तिजोरीला लागू व्हावे म्हणून कोकणातील एका गरीब घरात जन्मलेल्या या मुलाला पुढे झगडावे लागले.

वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. १८७९ मध्ये ते वारले, तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते दरमहा धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. ज्या घरात निम्म्याहून अधिक मिळकत एका मुलाच्या शिक्षणावर खर्च होते, त्या घरातील मुलाला पैशाचा अर्थ निराळ्या रीतीने कळतो. चरित्रकार त्या काळची एक गोष्ट सांगतात. एका मित्राने त्याला नाटकाला नेले. आपण पाहुणे आहोत अशी समजूत असलेल्या गोपाळकडे त्या मित्राने मागाहून तिकिटाचे दोन आणे मागितले. ते त्याने निमूटपणे दिले आणि दिव्याच्या तेलात तितकी काटकसर करून रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला. या गोष्टीतील काटकसर सर्वांच्या ध्यानात येते. भावाच्या पैशाचा जमाखर्च चुकता कामा नये, ही त्यामागची जाणीव अधिक महत्त्वाची आहे.

१८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेतल्यावर गोखले पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य बनले. वीस वर्षे अल्प वेतनावर सेवा करण्याची ती प्रतिज्ञा होती आणि ते वेतन महिना पंचाहत्तर रुपयांच्या पलीकडे गेले नाही. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित, इंग्रजी, इतिहास आणि अर्थशास्त्र असे एकामागून एक विषय शिकविले. सहकारी बापट यांच्या साह्याने त्यांनी अंकगणिताचे एक पुस्तक तयार केले आणि ते अनेक वर्षे शाळांतून चालले. आगरकरांच्या 'सुधारका'चा इंग्रजी भाग ते लिहीत. संस्थेचे चिटणीस या नात्याने कॉलेजच्या इमारतीसाठी वर्गणी गोळा करीत त्यांना गावोगाव फिरावे लागले. सार्वजनिक पैसा प्रथम त्यांच्या हाती आला तो असा.

त्यांच्या खऱ्या शिक्षणास आरंभ झाला तो न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या सहवासात. या दोघांच्या पहिल्या गाठीविषयी एक आख्यायिका आहे. एका समारंभात दारावर उभ्या असलेल्या तरुण गोखल्यांनी प्रवेशपत्रिका जवळ नसलेल्या रानड्यांनाच अडविले, असे म्हणतात. पुढे १८८७ च्या सुमारास रानड्यांनी त्यांना आपल्या हाताखाली घेतले. ते स्वतः १८८६ साली सरकारने नेमलेल्या खर्चकपात समितीचे सभासद होते आणि सरकारी अहवाल कसा वाचावा हे त्यांच्याइतके जाणणारा माणूस त्या वेळी दुर्मीळ होता. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी गोखले त्यांच्याकडे जात, टिपणे दाखवीत आणि ती पुन्हा लिहून आणीत. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन ही त्या शिक्षणाची कसोटी होती. अर्जातील प्रत्येक विधानाच्या मागे सरकारी कागदाचाच आधार हवा, म्हणजे तो नाकारणे सरकारला अवघड जाते, हा धडा त्यांनी तेथे घेतला.

या शिक्षणात दुसरा वाटा गणेश व्यंकटेश जोशी यांचा होता. सोलापूरच्या शाळेचे मुख्याध्यापक असलेले हे गृहस्थ सभासंमेलनांपासून दूर राहत. मात्र हिंदुस्थानच्या महसुलाचे, लष्करी खर्चाचे आणि रेल्वेच्या तोट्याचे आकडे त्यांच्या हातचे मळ होते. गोखल्यांच्या अंदाजपत्रकावरील भाषणांची पूर्वतयारी पुष्कळदा जोशींशी केलेल्या खलबतातून होत असे. रानड्यांची दृष्टी, जोशींचे आकडे आणि गोखल्यांची वाणी असा हा संगम होता.

१८९५ साली विलायत सरकारने हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी एक शाही आयोग नेमला. अध्यक्ष लॉर्ड वेल्बी हे इंग्लंडच्या अर्थखात्याचे माजी चिटणीस होते. दादाभाई नवरोजी, सर विल्यम वेडरबर्न आणि केन हे हिंदी पक्षाची बाजू जाणणारे सभासद आयोगावर होते. डेक्कन सभेच्या वतीने साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेस गेले. १८९७ च्या एप्रिलमध्ये त्यांची साक्ष झाली, तेव्हा त्यांना एकतिसावे वर्षही पुरे झालेले नव्हते. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मद्रासचे सुब्रह्मण्य अय्यर हेही साक्षीदार होते. गोखल्यांची साक्ष लक्षात राहते ती तिच्या रचनेमुळे. खर्चावरील नियंत्रणाची यंत्रणा, खर्चाची वाढ आणि इंग्लंड व हिंदुस्थान यांच्यातील खर्चाची वाटणी असे तीन भाग त्यांनी पाडले.

या क्रमाला अर्थ आहे. खर्च फार झाला ही तक्रार सर्वच साक्षीदारांनी केली होती. तो फार का होतो, याचे उत्तर गोखल्यांनी नियंत्रणाच्या यंत्रणेत शोधले. कलकत्त्याचे सरकार लंडनमधील भारतमंत्र्याला जबाबदार, भारतमंत्री पार्लमेंटला जबाबदार आणि पार्लमेंट ब्रिटिश मतदाराला जबाबदार. या साखळीत पैसे भरणारा हिंदी करदाता कोठेच नव्हता. देखरेख करणारे पुष्कळ होते, पण खर्च कमी व्हावा यात ज्याचा स्वार्थ आहे असा त्यांत कोणीच नव्हता. म्हणून अंदाजपत्रकाची बाबवार मंजुरी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात व्हावी आणि निवडलेल्या सभासदांना त्यावर मत देता यावे, अशी मागणी त्यांनी केली. हिंदुस्थानात इंग्रजी पद्धतीचे अंदाजपत्रक जेम्स विल्सन यांनी १८६० सालीच आणले होते. त्याचा साचा तेवढा आला. मंजुरी नाकारण्याचा हक्क मागेच राहिला होता.

तिसरा भाग दोन देशांच्या सामाईक खर्चाचा होता. ज्या खर्चात दोन सरकारांचा हितसंबंध आहे, त्याची वाटणी कोणत्या न्यायाने करावी, हा प्रश्न आजही कोणत्याही संघराज्यात उद्भवतो. येथे वाटणी करणारा आणि तिचा लाभ घेणारा एकच होता. लंडनमधील इंडिया ऑफिसचा खर्च हिंदुस्थानच्या माथी होता. वसाहतींचा कारभार पाहणाऱ्या खात्याचा खर्च मात्र ब्रिटिश तिजोरी सोशीत होती. अबिसिनियाच्या मोहिमेपासून सुआकिनपर्यंत हिंदी फौजा बाहेर पाठविल्या गेल्या आणि त्यांच्या नेहमीच्या पगाराचा भार हिंदुस्थानवर टाकला गेला. सरहद्दीबाहेरच्या मोहिमांसाठी हिंदी महसूल वापरण्यास पार्लमेंटची संमती हवी, असे १८५८ च्या कायद्यात होते. पण ज्या सभागृहाच्या मतदारांना त्या संमतीमुळे पैसे वाचत होते, त्याची संमती हे संरक्षण कसले, असा गोखल्यांचा मुद्दा होता.

आयोगाचा अहवाल १९०० साली आला. इंडिया ऑफिसच्या खर्चाला इंग्लंडने दरसाल काही वाटा द्यावा, यासारख्या मोजक्या शिफारशींपलीकडे बहुमत गेले नाही. दादाभाई, वेडरबर्न आणि केन यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. साक्षीचा तात्कालिक लाभ थोडा झाला. पण पुण्याच्या एका प्राध्यापकाने तज्ज्ञांच्या उलटतपासणीला तोंड दिल्याने हिंदी लोकांना जमाखर्च कळत नाही हा समज मोडला.

त्याच वर्षी गोखल्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग ओढवला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोऱ्या सैनिकांकडून घरझडत्या चालल्या होत्या आणि त्यांच्या वर्तनाविषयी लोकांत संताप होता. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे गोखल्यांनी विलायतेत सैनिकांवर स्त्रियांची अब्रू घेतल्याचा गंभीर आरोप जाहीरपणे केला. २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, त्यानंतरचा तो तापलेला काळ होता. सरकारने पुरावा मागितला. परत आल्यावर त्यांनी चौकशी केली, पण शपथेवर पुढे येण्यास कोणी तयार होईना. पत्रे लिहिणाऱ्या स्नेह्यांची नावे उघड करण्यास त्यांनी नकार दिला आणि आपले विधान बिनशर्त मागे घेऊन क्षमा मागितली.

या माफीबद्दल स्वकीयांनी त्यांना भित्रे ठरविले आणि इंग्रजी पत्रांनी खोटे ठरविले. झडत्यांत लोकांचा छळ झालाच नव्हता, असा या माफीचा अर्थ होत नाही. जे सिद्ध करता येत नाही ते विधान खात्यावर ठेवायचे नाही, एवढाच तिचा अर्थ होता. ज्याने एप्रिलमध्ये एका साम्राज्याकडे प्रत्येक रकमेचा आधार मागितला, त्याच्याकडेच काही महिन्यांत एका विधानाचा आधार मागितला गेला आणि तो देता आला नाही. मग दुसऱ्याला लावलेला नियम त्याने स्वतःला लावला. या आघातातून सावरण्यास त्यांना काही काळ लागला. नंतरच्या त्यांच्या भाषणांतील प्रत्येक आकडा पारखलेला दिसतो.

मुंबई कायदेमंडळातील अल्पशा कारकिर्दीनंतर, सर फिरोजशहा मेहता यांनी सोडलेल्या जागी १९०१ च्या अखेरीस गोखले वरिष्ठ कायदेमंडळात निवडून आले. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येत होते. ठराव मांडता येत नव्हता आणि मतही देता येत नव्हते. वर्षातून एक दिवस, मार्चच्या अखेरीस, आधीच ठरून गेलेल्या आकड्यांवर भाष्य करावयाचे, एवढाच तो अधिकार. २६ मार्च १९०२ रोजी कर्झन अध्यक्षस्थानी असताना गोखल्यांनी पहिले भाषण केले.

सरकारच्या हाती त्या वर्षी मोठी शिल्लक होती आणि शिल्लक पडण्याचे ते लागोपाठ चौथे वर्ष होते. अर्थसचिवांनी ती भरभराटीची खूण म्हणून पुढे ठेविली. नुकताच १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ होऊन गेला होता आणि प्लेग चालूच होता. लोक मरत असताना तिजोरी भरते कशी, या प्रश्नाचे उत्तर गोखल्यांनी हुंडणावळीच्या इतिहासातून काढले. चांदीचा भाव उतरत गेला तसा दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया तेरा पेन्सपर्यंत घसरला. विलायतेस सोन्यात भरावयाच्या रकमा त्यामुळे जड झाल्या आणि ती तूट भरून काढण्यासाठी कर वाढविले गेले. १८८६ साली प्राप्तिकर बसला, १८८८ साली मिठावरील कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर गेला आणि १८९४ साली आयात जकात पुन्हा आली. पुढे टांकसाळी बंद झाल्याने रुपया सोळा पेन्सवर स्थिरावला. तूट नाहीशी झाली. तुटीसाठी बसविलेले कर मात्र तसेच राहिले. शिल्लक उरली ती या फरकातून. ती लोकांच्या सुबत्तेतून आलेली नसून, गरजेपेक्षा अधिक घेतलेल्या आणि परत न केलेल्या पैशाची होती.

आकड्यांची बेरीज बरोबर असूनही हिशेब खोटा असू शकतो, हे या भाषणाने दाखवून दिले. बेरजेत चूक शोधणारा तपासनीस येथे हरला असता, कारण बेरजेत चूक नव्हतीच. गोखल्यांनी रकमेचा उगम विचारला आणि ती ज्याच्या खिशातून आली त्याचे नाव खात्यावर लिहिले. १९०३ साली मिठावरील कर आठ आण्यांनी उतरला आणि प्राप्तिकराची माफीमर्यादा पाचशेवरून हजार रुपयांवर गेली. १९०५ साली मिठाचा कर दीड रुपया आणि १९०७ साली एक रुपया झाला. या कपातींचे सर्व श्रेय एका माणसाला देणे योग्य नव्हे. तरीही मिठाचा खप करासरशी घटतो आणि कर उतरताच वाढतो, हे सरकारी आकड्यांवरूनच ते मांडीत राहिले.

याच वर्षांत त्यांच्या मार्गावर कडक टीका झाली. टिळक आणि त्यांच्या अनुयायांना, ज्या सभेत मतच नाही तेथे आकडे मांडून काय साधणार, असे वाटे. ज्याच्या हाती दंडसत्ता आहे त्याला हिशेबातील चूक दाखविल्याने तो सत्ता सोडीत नाही, हा त्यांचा आक्षेप निराधार नव्हता. लष्करी खर्चावर गोखले वर्षानुवर्षे बोलत राहिले आणि किचनेरच्या योजना त्यांच्या डोळ्यांदेखत पुढे सरकत राहिल्या. परंतु मताचा हक्क मिळाल्यावर अंदाजपत्रक वाचावयाचे कसे, हेही कोणीतरी आधी शिकवावे लागते. ते काम गोखल्यांनी केले.

सरकार आणि प्रांत यांच्यातील वाटणीकडेही त्यांनी त्याच दृष्टीने पाहिले. मेयोच्या १८७० च्या योजनेपासून प्रांतांना काही खाती सोपविली गेली आणि पुढे दर पाच वर्षांनी करार बदलू लागले. काटकसरीने वागलेल्या प्रांताची शिल्लक नव्या कराराच्या वेळी वरिष्ठ सरकार आपल्याकडे ओढून घेई, म्हणून करार संपण्यापूर्वी पैसा खर्चून टाकण्याकडे प्रांतांचा कल होई. १९०४ पासून हे करार अधिक स्थिर झाले. विकेंद्रीकरण आयोगापुढे साक्ष देताना गोखल्यांचा भर लोकनियंत्रणावर होता. अधिकार कलकत्त्याहून मुंबईला किंवा मद्रासला गेला, पण तेथेही विचारणारा कोणी नसला, तर करदात्याच्या दृष्टीने फक्त धनी बदलतो.

१९०९ च्या सुधारणांनी अंदाजपत्रकावर ठराव मांडण्याची मुभा दिली. ते ठराव सरकारवर बंधनकारक नव्हते. २५ जानेवारी १९११ रोजी गोखल्यांनी सार्वजनिक खर्चाच्या वाढीची सरकारी व बिनसरकारी सभासदांच्या मिश्र आयोगाकडून चौकशी व्हावी, असा ठराव मांडला. काटकसर, हिंदी लोकांच्या अधिक नेमणुका आणि स्वतंत्र लेखापरीक्षण हे उपाय त्यांनी सुचविले. हिंदुस्थानचा लेखापरीक्षक त्या वेळी हिंदुस्थान सरकारच्याच अखत्यारीत होता आणि ज्या खात्यांची चूक काढावयाची, त्यांच्याच मर्जीवर त्याची बढती अवलंबून असे. नोकराने धन्याचा हिशेब तपासावा आणि अहवाल धन्यालाच द्यावा, ही फडणिशी पद्धत संपावी अशी ती मागणी होती.

त्याच वर्षी १६ मार्चला त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. त्यातही खर्चाच्या वाटणीची योजना होती : सरकारने दोन भाग सोसावे आणि स्थानिक संस्थांनी एक. शिल्लक पडते तर ती शाळांना का मिळू नये, हे दहा वर्षांचे म्हणणे त्यांनी असे कायद्याच्या रूपात आणले. १९ मार्च १९१२ रोजी ते विधेयक तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. पैसा नाही हे कारण पुढे करणाऱ्या सरकारला गोखल्यांइतका तिजोरीचा तपशील ठाऊक असलेला प्रतिस्पर्धी नव्हता. तरीही अडतीस मते अडतीसच राहिली. मताशिवाय हिशेबाची मर्यादा कोठे येते, हे त्या दिवशी उघड झाले.

त्यांच्या खाजगी आयुष्याला हाच नियम लागू होता. १२ जून १९०५ रोजी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाच्या सभासदांनी स्वतःसाठी धन मिळवावयाचे नाही आणि संस्था कुटुंबासाठी जी तरतूद करील तीत समाधान मानावयाचे, असा नियम होता. १९१४ साली देऊ केलेला सरदारकीचा किताब त्यांनी नाकारला. १९१५ च्या आरंभी गांधीजी आफ्रिकेहून परतले, तेव्हा प्रकृती ढासळलेल्या गोखल्यांनी त्यांच्या आश्रमाचा व सार्वजनिक कामाचा खर्च उचलण्याचे ठरविले आणि संस्थेच्या वहीत त्यांच्या नावे खाते उघडण्यास डॉ. देव यांना सांगितले. शिष्याच्या निर्वाहाची सोयही अशी वहीतूनच व्हावयाची होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, पुण्यात त्यांचा अंत झाला. वय अठ्ठेचाळीस वर्षांचे होते.

त्यांच्या मागण्यांना पुढे एकेक करून कायद्याचे रूप आले. १९१९ च्या कायद्याने भारतमंत्र्याचा पगार ब्रिटिश तिजोरीवर पडला आणि महालेखापरीक्षक हिंदुस्थान सरकारच्या मर्जीपासून अलग झाला. १९२१ पासून केंद्रीय विधानसभेला काही मागण्यांवर मत देता येऊ लागले आणि लोकलेखा समिती स्थापन झाली. लष्करी खर्च मात्र तेव्हाही मतदानाबाहेरच राहिला. १९५० च्या राज्यघटनेने नियंत्रक व महालेखापरीक्षक हे घटनात्मक पद निर्माण केले आणि त्याचे अहवाल लोकप्रतिनिधींपुढे जाऊ लागले.

गोखल्यांची भाषणे इंग्रजीत आहेत आणि मराठीत त्यांनी फारसे लिहिले नाही, म्हणून मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत त्यांना तुरळकच जागा मिळते. ज्यांचा पैसा खर्च होत होता त्यांच्या भाषेत तो हिशेब मांडला गेला नाही, ही त्यांच्या कार्यातील उणीव होती, आणि टिळकांच्या वृत्तपत्राचे बळ नेमके तेथेच होते. परंतु भारतीय गद्याच्या अभ्यासकाला त्या भाषणांत एक दुर्मीळ गुण आढळतो. आकडा तेथे अलंकार म्हणून येत नाही; त्यामागे मीठ विकत घेणारा माणूस उभा असतो. फडणिसाची वही धन्याच्या पेटीत राहत असे. ती उघडून रयतेसमोर ठेवावी, एवढेच गोखले तीस वर्षे सांगत राहिले.